आर्किटेक्टच्या ऑफिसात पोर्टफोलिओ पाठवायच्या आधी एवढं कर

तुझी पीडीएफ बघितली, थीसिस मस्तच झालाय, पण सुरुवातीला नुसते रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली इमारतीची चित्रं) आणि प्लॅन एवढे बारीक की जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजता येत नाहीत. फ्रेशरला ऑफिसात बहुतेक वर्किंग ड्रॉइंगलाच (ज्यावरून साइटवर बांधकाम होतं ती ड्रॉइंग) बसवतात, म्हणून इंटर्नशिपमधलं टॉयलेट डिटेल टाकच, संक स्लॅब (पाइपसाठी खाली घेतलेला स्लॅब), वॉटरप्रूफिंग, ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जागेकडे) जाणारा फरशीचा उतार दाखवणारा सेक्शन (उभा छेद), असं एक पान दहा रेंडरला भारी पडतं खरंच. फक्त इंटर्नशिपच्या ऑफिसातल्या सरांना विचारून मगच टाक आणि त्यात तू स्वतः काय केलंस ते लिही, ग्रुप प्रोजेक्टलाही तेच. पहिल्या वर्षाचं बेसिक डिझाइन काढून टाक सरळ. आणि १:१०० नुसतं लिहू नकोस, स्क्रीनवर झूम केलं की त्याला अर्थ राहत नाही, स्केल बार (ड्रॉइंगसोबतच लहान-मोठी होणारी मापाची पट्टी) टाक. दोन प्लॅनवर नॉर्थचा (उत्तर दिशेचा) बाण टाकायचा राहिलाय बघ.