ग्रँट मागताय, पण नेमकी कशासाठी?

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे, सगळे जुने माग. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलोय. तान्याचा (उभा) धागा तुटला की माग थांबवणारं आणि कुठला माग किती वेळ बंद होता ते मोबाईलवर दाखवणारं एक यंत्र बनवून दोन मागांवर बसवलंय. एक कन्सल्टंट म्हणतो २० लाखांची सरकारी ग्रँट काढून देतो, आधी थोडे पैसे भरा आणि मिळाल्यावर दहा टक्के द्या. त्यातच दोन रेपियर माग (नवे, बिनधोट्याचे) पण बसवू म्हणतो. देऊ का ओ?

उत्तर: नका देऊ. आणि आधी त्या रेपियर मागांचंच बोलू, कारण सगळी गडबड तिथंच आहे. २० लाख म्हणतोय म्हणजे बहुतेक स्टार्टअप इंडिया सीड फंडाबद्दल बोलतोय, २०२१ मध्ये ९४५ कोटींची तरतूद करून काढलेली योजना. त्यात कल्पना चालते का हे तपासायला, प्रोटोटाइप (पहिला चालता नमुना) आणि ट्रायलला २० लाखांपर्यंत ग्रँट, आणि पुढं बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत, पण ते ५० लाख कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (नंतर शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज), फुकट नव्हे. ग्रँटसुद्धा एकदम हातात येत नाही, ठरलेला टप्पा झाला की पुढचा हप्ता. या पैशातून कारखाना उभा करता येत नाही, माग घेणं तर लांबच. माग घ्यायचे तर बँकेत जा, त्याची वाट वेगळी.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे आणि ती कन्सल्टंटनं सांगितली नसणार. वडिलांचा कारखाना प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, असेल तर त्याला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता मिळत नाही, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा रजिस्टर्ड भागीदारी असं काहीतरी लागतं. मग लोक काय करतात, जुना धंदाच नव्या नावाच्या कंपनीत टाकतात, आणि तिथं फसतात, कारण चालू धंदा फोडून किंवा त्याचीच पुनर्रचना करून काढलेली कंपनी स्टार्टअप धरत नाहीत असं नियमातच आहे. म्हणून नवी कंपनी काढायची तर ती फक्त या यंत्राची काढा, टॉवेल तिकडंच राहू दे. सीड फंडाला कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि आधी कुठल्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त पैसे घेतलेले असले तरी दार बंद, त्यामुळं घाईनं काहीतरी छोटं मंजूर करून घेण्याआधी हिशेब करा.

माझं विचाराल तर तुम्ही आधी निधी-प्रयास बघा. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची योजना, हातात धरता येईल अशा वस्तूच्या प्रोटोटाइपला १० लाखांपर्यंत, आणि कंपनी नसली तरी माणूस म्हणून अर्ज करता येतो. अर्ज थेट दिल्लीला नाही, ही योजना राबवणाऱ्या प्रयास केंद्रातून जातो, तसं एक केंद्र म्हणजे पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर, सकाळी हुतात्मा एक्सप्रेस धरली की दुपारी कामाला बसता. पण तिकीट काढायच्या आधी अर्ज उघडलेत का ते बघा, या योजना मध्येच उघडतात मध्येच बंद होतात.

आता खरं काम सांगतो. ग्रँट मंजूर करणाऱ्या कमिटीला तुमचं यंत्र किती भारी आहे त्यात रस नसतो, अजून काय माहीत नाहीये आणि ते शोधायला किती पैसे लागतील यात रस असतो. तुमच्या केसमध्ये मला स्वतःला पहिली शंका सुताच्या फुफाट्याची येते, सेन्सरवर कापसाचा तूस बसला की तो धागा नसतानाही धागा आहे म्हणणार, मग यंत्र काय कामाचं. आणि आपल्याकडची कामगार मंडळी, माग सारखा थांबायला लागला की वायर काढून ठेवतील, पिसावर (नगावर) मजुरी मिळते हो त्यांना, थांबलेला माग म्हणजे बुडालेली रोजी. हे अर्जात लिहा, लपवू नका, आणि पैसे याच गोष्टी तपासायला मागा. सोबत दोन मागांचं वहीतलं रेकॉर्ड जोडा, यंत्र लावायच्या आधी किती माल रिजेक्ट व्हायचा आणि नंतर किती.

कन्सल्टंटचं म्हणाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, डीपीआयआयटी मान्यतेलाही सरकार फी घेत नाही. अर्ज नीट लिहून द्यायला कुणी ठरलेली फी घेतली तर हरकत नाही, पण टक्केवारी कशाला? प्रेझेंटेशनला प्रश्न तुम्हाला विचारणार, आणि नंतर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) देताना पै न पैचं बिल लागतं, त्यात त्याचे दहा टक्के कुठल्या खात्यावर दाखवणार आहात?

(कुणी कापडातच वेगळं काही करत असेल, दवाखान्यासाठी किंवा शेतीसाठी, तर टेक्निकल टेक्स्टाइल मिशनची ग्रेट नावाची योजना पण बघा, ५० लाखांपर्यंत आहे, १० टक्के स्वतःचे घालावे लागतात.)

प्रश्न: आमचा जुळे सोलापुरात बचत गट आहे, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. इनोव्हेशनची ग्रँट मिळेल का?

उत्तर: ताई, कडक भाकरीला नाही मिळणार, ती आपल्या आज्या-पणज्यांनी आधीच शोधलीय. तुमच्यासाठी पीएमएफएमई आहे, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, २०२० पासूनची, बँकेचं कर्ज घेतलं की प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, शिवाय बचत गटाच्या सदस्याला भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत. कृषी खात्याच्या ऑफिसात चौकशी करा. हां, पण चटणी खवट न होता कशी टिकवायची किंवा भाकरी पुण्या-मुंबईला न मोडता, न सादळता कशी पोचवायची यावर तुम्ही खरंच काही वेगळं पॅकिंग करून बघत असाल तर तो प्रयोग झाला, मग परत लिहा, सविस्तर बोलू.

प्रश्न: डाळिंबावर काम करणाऱ्या यंत्राची आयडिया आहे, मी लास्ट इयरला आहे. स्पर्धेत दाखवली तर चोरतील का? आधी पेटंट करू का?

उत्तर: चोरीपेक्षा वेगळी भीती आहे, एकदा चारचौघांत उघड केलं की नंतर पेटंटच मिळायचं अवघड होतं. पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज आधी टाका, ऑनलाइन फी विद्यार्थ्यासारख्या एकट्या माणसाला १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,००० लागतात. त्यानंतर पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. पण अर्ज टाकायच्याही आधी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन हा प्रश्न शेतकऱ्याला खरंच आहे का ते विचारून या, नसेल तर १,६०० पण वाचतील.