कुसुमाग्रज की गोदावरी?

प्रश्न : मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आपण दिलेले कवींचे गूढ शब्दकोडे आम्ही चौघे मित्र सोडवत आहोत. ‘काँग्रेसने पहिले अक्षर गमावले, तरी कवी उरला (२)’ याचे ‘ग्रेस’ हे उत्तर चटकन सुटले. १२ आडव्याचे सूत्र असे आहे : ‘कृष्णाचा दादा नाटके खऱ्या नावाने लिहितो, कविता टोपणनावाने (५)’. शेवटच्या दोन घरांत ‘ग्र’ आणि ‘ज’ आधीच आलेले असल्यामुळे आम्ही ‘कुसुमाग्रज’ शाईने लिहून टाकले. परंतु १२ उभ्याचे सूत्र ‘नाशिककर जिला गंगा म्हणतात (४)’ असे असून तेथे ‘गोदावरी’ बसत नाही. छपाईत चूक आहे काय? शिवाय ‘बालकवि’ लिहावे की ‘बालकवी’?
— एक वाचक, गंगापूर रस्ता, नाशिक

उत्तर : छपाई बरोबर आहे आणि गोदावरीही. खोडायचे आहे ते ‘कुसुमाग्रज’, आणि नाशिककराचा हात तेथे अडखळेल याची कल्पना कोडे रचतानाच होती, हे कबूल करतो. गूढ सूत्राचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो, दुसरा शब्द घडवून देतो, आणि त्यात एकही शब्द भरतीचा नसतो. येथील उत्तरार्ध वि. वा. शिरवाडकरांना जितका लागू पडतो, तितकाच राम गणेश गडकऱ्यांनाही. म्हणून निकाल पहिल्या दोन शब्दांवरच लावावा लागतो. अग्रज म्हणजे थोरला भाऊ. शिरवाडकरांनी आपल्या कुसुम या बहिणीवरून टोपणनाव घेतले, त्यात कृष्ण कोठेच नाही. कृष्ण म्हणजे गोविंद, आणि त्याला अग्रज जोडला की ‘गोविंदाग्रज’ हे गडकऱ्यांचे टोपणनाव तयार होते. जोडाक्षराला एकच घर लागत असल्याने तीही पाचच अक्षरे होतात आणि शेवटची दोन आपल्या उत्तराशी तंतोतंत जुळतात. पहिल्या घरात ‘गो’ आला की गोदावरी आपोआप खाली उतरते.

‘बालकवी’चा निर्णय सूत्रातच आहे : ‘लेकराने वीणेचा आरंभ केला आणि फुलराणी जन्मली (४)’. लेकरू म्हणजे बालक, आणि वीणेचा आरंभ ‘वी’, म्हणजे दीर्घच. जुन्या पुस्तकांत ‘बालकवि’ आढळते, परंतु १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे असे ऱ्हस्व इकारान्त तत्सम शब्द मराठीत दीर्घान्त लिहितात. आडव्या शब्दासाठी ‘वी’ आणि त्याच घरातील उभ्या शब्दासाठी ‘वि’ मानण्याची सवलत काही कोडेकार घेतात. मला ती पटत नाही.

आपण विचारलेले नाही, पण ‘चिंचेने उजळणारे ग्वाल्हेरचे राजकवी (२)’ हे सूत्र अडले असेल, तर कवितासंग्रह चाळण्याआधी देवघरातील कलशाकडे पाहावे.