टिश्यू सोडून फडक्यांकडे वळताना
अगं, नवी फडकी विकत आणू नकोस. नव्या कापडाला खळ असते, दोन-तीनदा धुतल्याशिवाय ते पाणी टिपतच नाही. आईची विटलेली सुती साडी घे, वीत-दीड वीत चौकोन काप आणि कडा दुमडून टीप मार, नाहीतर धुतलेल्या पेल्याच्या काठाला दोरे चिकटून राहतात. निदान 20 तरी कर. चार-पाचांवर भागत नाही, मग हात पुन्हा टिश्यूकडे जातो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसला की कापड पाणी ओढत नाही. तेलकट फडकी वेगळी ठेवून धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजव. आणि पावसाळ्यात ओलं फडकं ओट्यावर गोळा करून ठेवू नकोस गं, सकाळपर्यंत कुबट वास येतो. रात्रीच पंख्याखाली दोरीवर पसर. भजी निथळायला मात्र मी जाळीच वापरते.