बांबू तोडा, बेट राखा

प्रश्न : गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. बांबूतोड ठेकेदाराला दिली, तर दोन हंगामांतच बेटांना बारीक, वाकडे बांबू येऊ लागले. रोजगार न बुडवता काय करता येईल? शिवाय वाहतूक परवाना कोणाकडून घ्यायचा?
– ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका

उत्तर : नगावर मजुरी असेल तर खोट तिथेच शोधा. तोडणारा कडेचे, हाताशी येणारे बांबू घेतो. बेटाचा कंद बाहेरच्या अंगाने वाढतो, त्यामुळे कडेचे बांबू सर्वांत कोवळे आणि जून माल आत गर्दीत अडकलेला. कोवळे गेले की पुढच्या पावसात वास्त्यांना (नव्या कोंबांना) पोसणारे कोणी राहत नाही.

म्हणून बेटाच्या एका बाजूने वाट करून आत शिरा आणि तीन वर्षांवरचेच बांबू काढा. यंदाच्या बांबूच्या पेऱ्यांवर वेष्टण आणि पांढरी भुकटी असते. जुनाचा रंग मळतो, डाग पडतात. ओळखण्यात घोळ होतोच, तेव्हा दरवर्षी नव्या बांबूंवर वेगळ्या रंगाची खूण करा. घाव जमिनीपासून साधारण १५ ते ३० सेंटिमीटरवर, पेऱ्याच्या गाठीच्या लगेच वर घाला. खाली पोकळ नळी उरली तर पाणी साचून बुंधा कुजतो. जंगलाचे तीन-चार भाग पाडा, वर्षाला एकच तोडा. जून ते सप्टेंबर कोयता बंद. आतला बांबू काढायला वेळ लागतो, त्याची मजुरी जास्त ठरवा, नाहीतर नियम कागदावरच राहतील.

परवान्याचे उत्तर सोपे आहे. वनहक्क नियमांतील २०१२च्या दुरुस्तीनुसार गौण वनोपजाचा (इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उपजाचा) वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. बांबू हा कायद्याने गौण वनोपजच. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेच्या हाती परवाना पुस्तक एप्रिल २०११ मध्येच आले होते.

प्रश्न : मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. दुसरा उपाय?

उत्तर : आगीत मोहाची रोपे मरतात, म्हातारी झाडे उरतात, त्यांच्या जागी नवे येत नाही. खराट्याने पाला झाडाच्या घेराबाहेर लोटा, किंवा फांद्यांखाली कमरेइतक्या उंचीवर जाळी बांधा, मध्ये थोडा झोळ ठेवून. फुलांना माती लागत नाही आणि वाळवताना निवडायचे कामही वाचते.