केबलवरच्या जाहिरातींत मुलाचं करिअर होईल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

वाईहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. घरचं साड्यांचं दुकान, चिरंजीव बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्यानं गावातल्या केबल चॅनेलसाठी जाहिराती करायचं मनात घेतलंय. यजमान म्हणतात, केबलचा धंदा संपला; केबलवाला म्हणजे भर पावसात खांबावर चढणारा माणूस. तुम्ही विचारलंय, दोघांपैकी बरोबर कोण?

यजमानांचं निम्मं खरं आहे. पोरं टीव्हीसमोर बसत नाहीत, फुकटच्या डीडी फ्री डिशकडे बरीच गिऱ्हाइकं गेली, आणि कितीतरी केबलवाले आता इंटरनेट विकून तगले आहेत. पण तुम्ही सहज लिहून गेलात की बावधनच्या बगाड यात्रेला दुकानातल्या टीव्हीवरही गावचाच चॅनेल लागलेला असतो. छोट्या दुकानदाराला केबलचा उपयोग आहे तो इथेच. बगाड, विसर्जन मिरवणूक, नगरपालिकेची मतमोजणी, कोण वारलं, पाणी कधी सुटणार, हे मुंबईची वाहिनी तासन्‌तास दाखवत बसत नाही. ते बघणारा माणूस तुमच्या दुकानापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत राहतो. राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीवर जाहिरात दिलीत, तर नागपूरकरांनी ती बघितल्याचेही पैसे तुम्हीच मोजाल.

एक गैरसमज मात्र काढून टाका. संध्याकाळच्या मालिकेवर आपल्या दुकानाची पट्टी सोडता येईल, असं कोणी सांगत असेल तर ते वाहिनी आणि केबलवाल्यांच्या करारात बसत नाही. स्थानिक जाहिरात केबलच्या स्वतःच्या चॅनेलवरच चालते, आणि तो लोक गावचं काही चालू असेल तेव्हाच लावतात. त्यामुळे 'दिवसातून पन्नास वेळा दाखवू' याला फारशी किंमत नाही. मिरवणुकीच्या दिवशी नेमकी कधी दाखवणार, हे विचारायचं.

चिरंजीवांनी पहिली जाहिरात घरच्याच दुकानाची करावी, लग्नसराईच्या आधी. बस्ता कुठे बांधायचा हे घरात चार जणी मिळून ठरवतात, म्हणून वीस सेकंदांत दुकानाचा इतिहास सांगू नये. साडी उलगडणारे हात, पदराचा काठ जवळून, दुकान कुठल्या चौकात, आणि एकच वाक्य: 'केबलवर बघून आलो म्हणा, फॉल-पिको मोफत.' ही सवलत दुकानाच्या फलकावर लिहायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही, फक्त केबलवर. मग गल्ल्याशेजारच्या वहीत रोज रेघा मारायच्या. समजा, महिन्याच्या जाहिरातीला तीन हजार गेले आणि ते वाक्य म्हणत बारा जण आले. तर एक माणूस अडीचशे रुपयांना पडला. वर फॉल-पिकोचा खर्च. त्या गिऱ्हाइकांमागे सुटलेला नफा त्याहून जास्त असेल तर जाहिरात चालली. नाहीतर पुढच्या महिन्यात वाक्य बदलायचं, वेळ बदलायची, नाहीतर सरळ बंद करायची. दुसऱ्या दुकानदाराकडे जाताना मुलानं हीच वही घेऊन जावं. 'ब्रँडिंग' ऐकून किराणावाला चहासुद्धा पाजणार नाही. वही दाखवली तर निदान बसा म्हणेल.

कामाला लागण्याआधी चॅनेलवाल्यांकडे कागद मागायला लाजू नये. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मल्टिसिस्टिम ऑपरेटरला, म्हणजे गावच्या केबलवाल्याला सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीला, असे स्वतःचे चॅनेल केंद्र सरकारकडे नोंदवावे लागतात. शुल्क चॅनेलमागे 1000 रुपये, फार काही नाही. तरी टाळाटाळ होत असेल तर तिथे जाऊ नये. शिवाय जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे. दारू-तंबाखू चालत नाही, आणि मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या चूर्णवाल्यांना चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा आडवा येतो. (गावोगावच्या चॅनेलवर हेच चूर्णवाले रोख पैसे देतात, म्हणून मोह होतो. आपल्या मुलाचं नाव त्यात नको.) सिनेमाचं गाणंही परवानगीशिवाय जाहिरातीत वापरू नये.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.कॉम. सोडायचं नाही. बिल, जीएसटी, येणी-देणी ज्याला कळतात असा जाहिरातवाला तालुक्यात विरळाच. मोबाइल, कॉलर माइक आणि एडिटिंगचं एखादं ॲप एवढ्यावर दोन लग्नसराया निघतील. तरीही गोडी टिकली तर मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्ससारख्या ठिकाणी जाहिरातशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम करता येईल. तोवर गावचा चॅनेल राहो न राहो, वीस सेकंदांत माल विकायला शिकलेला मुलगा मोबाइलवरच्या रीलमध्येही तेच करेल.

चॅनेलवाले बहुधा पगाराऐवजी कमिशन देऊ म्हणतील. घ्यायला हरकत नाही. फक्त ते फाडलेल्या बिलावर की हातात आलेल्या पैशावर, हे आधी लिहून घ्यावं. काही दुकानदार दिवाळीच्या जाहिरातीचे पैसे संक्रांत उलटली तरी देत नाहीत. यजमानांना विचारा, नावानिशी सांगतील.