पुस्तकं वाचून मुलं हळवी होतात का?

“मॅडम, पुस्तकं वाचून पोरगी फार हळवी झालीय. बारावीचं वर्ष, सीईटी तोंडावर, आणि ही नाटक वाचून रडते!” अशी तक्रार नाशिकमध्ये समुपदेशन करताना मी नेहमी ऐकते. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या, कुसुमाग्रजांच्या या गावात पालकांना वाचनाचीच धास्ती वाटावी, याचं वाईट वाटतं. पण त्यामागची काळजी खरी असते. अशाच एका घराबद्दल लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

वडील अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ हे नाटक वाचल्यापासून मुलगी त्यांच्याशी तुटक वागत होती. एकदा जेवताना तिने विचारलं, “बाबा, आजोबांशी शेवटचं कधी बोललात? गोळ्या घेतल्या का, हे सोडून.” ते त्यांना फार लागलं होतं.

आधी मी मुलीला एकटीला भेटले. झोप, भूक, मैत्रिणी, अभ्यास, जगणं नकोसं वाटतं का, सगळं सरळ विचारलं. उदासी दोन आठवडे रोज टिकली, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर ते पुस्तकाचं खूळ समजून सोडून देऊ नये; तज्ज्ञांना दाखवावं. मरणाचं बोलणं निघालं तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हिच्या बाबतीत असं काही नव्हतं.

मग विचारलं, “नाटकात तू अडखळलीस कुठे?” घरासाठी टाहो फोडणारं ते गाजलेलं स्वगत सांगेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, “आप्पा बायकोला, कावेरीला, ‘सरकार’ म्हणतात ना, तिथे.” आजी गेल्यावर आजोबांना निफाडकडून इथे आणलं होतं. ते आजीला ‘कारभारीण’ म्हणायचे. “आता ते कुणालाच हाक मारत नाहीत. पेपर उघडतात आणि तेच पान तासभर समोर असतं.”

हे ती रोज बघत होती, जाणवलं मात्र नाटक वाचल्यावर. चांगलं साहित्य दुःख बाहेरून आणून घरात टाकत नाही. जे घरात आधीच आहे, ते बघायला लावतं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मी तिला स्पष्ट सांगितली. आप्पांनी सगळं देऊन टाकल्यावर मुलांना त्यांचं ओझं झालं. तुझे बाबा रात्रपाळी करून आजोबांना दवाखान्यात नेतात. नाटकातली पात्रं घरच्यांना चिकटवू नकोस.

वडिलांना उपदेश केला नाही, नाटक वाचायला सांगितलं. पुढच्या भेटीत म्हणाले, “अर्धंच वाचलं. पुढे वाचवेना.” मग स्वतःच्या आईबद्दल बोलू लागले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले होते. त्यानंतर आईचा विषय घरात कुणी काढलाच नव्हता. त्यांना विचारून मी मुलीला आत बोलावलं. बापाला असं बोलताना तिने पहिल्यांदाच ऐकलं.

अभ्यासाचं वेळापत्रक दोघांनी मिळून ठरवलं. रात्री जेवणानंतर अर्धा तास अवांतर वाचन, परीक्षेच्या महिन्यातही. वडील अजून म्हणतात, “सीईटीपर्यंत काहीतरी विनोदी वाच.” ती ऐकत नाही. तो अर्धा तास ती आजोबांना वाचून दाखवते, आणि वाचनालयातून काय आणायचं ते आता आजोबा सांगतात.