पहिल्या सर्व्हिसला ऑइल कोणतं?

दादा, मिनी ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांना येते. नक्की आकडा पुस्तिकेत बघा. डब्यावरच्या चित्राला भुलू नका, ग्रेड वाचा. आपल्याकडे बऱ्याच डिझेल इंजिनांना १५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) चालतं, पण सीएच-४, सीआय-४ हा दर्जाही पुस्तिकेशी जुळवा. फिल्टर नवाच टाका.

खरी गफलत होते ती मागच्या, म्हणजे गिअरबॉक्स-हायड्रॉलिकच्या ऑइलची. ट्रॅक्टरचे ब्रेक याच ऑइलमध्ये बुडालेले असतील तर तिथे यूटीटीओ (गिअर, हायड्रॉलिक आणि असे ओले ब्रेक, सगळ्यांना चालणारं ट्रॅक्टरचं ऑइल) प्रकारचंच लागतं. इंजिनचं उरलंय म्हणून ओतलंत, तर ब्रेक किंचाळायला लागतील. ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टला, चुंबक असेल तर त्यावर पिठासारखा काळा चुरा दिसेल. नवे गिअर बसताना तेवढं निघतंच. कपच्या निघाल्या तर मात्र मेकॅनिकला बोलवा. सुटं ऑइल नको, आणि वॉरंटीसाठी बिल जपून ठेवा.